चंद्रपूर-गडचिरोलीसाठी जुनी फॉर्च्युनर घेताय? आधी हे वाचा

आपल्याकडे मोठ्या कुटुंबाची ऐटदार गाडी म्हटलं की पहिलं नाव फॉर्च्युनरचं. 2009 मध्ये ती भारतात आली, 2016 च्या शेवटी दुसरी पिढी. सात सीट, दुसऱ्या पिढीत 2.8 लिटर डिझेल इंजिन.

जुनी का? महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या 20 लाखांवरील नव्या डिझेल गाडीला 15 टक्के एकरकमी कर लागतो. एमएच-34 (चंद्रपूर) किंवा एमएच-33 (गडचिरोली) ची जुनी गाडी घेतली, तर तो पहिल्या मालकाने भरलेला असतो.

बघताना:

🔹 घुग्घुस, बल्लारपूर, सुरजागड अशा खाणींच्या भागात फिरलेली असेल तर एअर फिल्टर, सस्पेन्शन, बुश आणि चेसिसचा गंज तपासा.

🔹 जुलै 2022 च्या पुरात बुडालेली नाही ना? कार्पेट उचला, सीटबेल्ट पूर्ण ओढून चिखल बघा, विम्याचे क्लेम तपासा.

🔹 बीएस-6 गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. फक्त गावातल्या गावात फिरवली तर तो चोंदतो. अधूनमधून हायवेवर सलग पळवावी लागते.

🔹 भामरागड, सिरोंचाकडे पावसाळ्यात जाणं असेल तर फोर बाय फोर घ्या. तरीही भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी असेल तर थांबायचंच.

🔹 तेलंगणातली गाडी स्वस्त वाटते, पण फॉर्म 28 ची एनओसी आणि इथला कर धरून हिशोब करा. गाडीवरचं कर्ज फिटलं असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हवाच.

सर्व्हिस रेकॉर्ड नसलेली गाडी कितीही चकाचक असो, टोकन देऊ नका.