चिकटावं, पण सोलू नये

‘बाळाला पेटीत ठेवलंय’ एवढं सांगितलं की आपल्याकडे घरातले बाकीचे प्रश्न थांबतात. काचेच्या त्या पेटीत अठ्ठावीस-तीस आठवड्यांचं, जेमतेम किलोभर वजनाचं बाळ असतं. त्याच्या छातीवर इलेक्ट्रोड, तळपायाला ऑक्सिजन मोजणारी पट्टी, कुठेतरी तापमानाची तार, आणि या सगळ्या वायरी मॉनिटरकडे गेलेल्या. आईने त्याला उराशी घ्यायचं म्हटलं तर नर्सला आधी वायरींचा गुंता सांभाळावा लागतो. आणि घ्यायला तर हवंच. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून, आईच्या उबेचा जो उपाय सुरू केला, तोच आज कांगारू मदर केअर या नावाने जगभर वापरला जातो.

पण वायरींपेक्षा वाईट असते ती चिकटपट्टी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या त्वचेचा वरचा संरक्षक थर पुरता तयार झालेला नसतो. पट्टी काढताना तिच्याबरोबर कातडी निघते. तिथून जंतू शिरू शकतात, वणही राहतात. जीव वाचवणाऱ्या उपकरणाने जखम करावी, हा उफराटा प्रकार अतिदक्षता विभागांनी वर्षानुवर्षं चालवून घेतला.

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले जॉन रॉजर्स हे काही बालरोगतज्ज्ञ नव्हेत, मटेरियल सायन्सचा माणूस. 2011 मध्ये ते इलिनॉय विद्यापीठात असताना त्यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये त्वचेसारख्या इलेक्ट्रॉनिक्सचा शोधनिबंध छापला. मुलं दंडावर पाण्याने टॅटू उमटवतात, तसं हे सर्किट त्वचेवर चढत होतं. त्यातली मेख तारांच्या आकारात आहे. सिलिकॉन ठिसूळ; एखादा टक्का ताणला तरी तडकतो. त्वचा मात्र तीस टक्क्यांपर्यंत सहज ताणली जाते. रॉजर्स यांच्या गटाने सिलिकॉनला लवचीक करण्याचा हट्ट सोडला. त्याचे बारीक, पातळ तुकडे केले आणि जोडणाऱ्या तारा नागमोडी ठेवल्या. जुन्या टेलिफोनच्या वेटोळ्या वायरीसारख्या त्या ओढल्या की उलगडतात, सोडल्या की पूर्ववत. ताण सगळा वळणांनी घ्यायचा, चिपने नाही.

2019 मध्ये हीच युक्ती पेटीतल्या बाळांपर्यंत पोचली. रॉजर्स यांच्याबरोबर त्वचारोगतज्ज्ञ एमी पॅलर आणि शुआई शू होते, आणि त्वचेचे डॉक्टर यात असणं हीच या कामातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणायला हवी. पट्ट्या दोनच: एक छातीवर, हृदयाच्या ठोक्यांसाठी; दुसरी तळपायाला, ऑक्सिजनसाठी. ठोका छातीवर पडल्यापासून नाडीची लाट पायापर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून रक्तदाबाचा अंदाज बांधायचा. चिप्स आणि त्वचा यांच्यामध्ये द्रवाचा एक थर, म्हणजे बाळ हललं तरी कठीण भाग टोचत नाही. पट्टी इतकी हलकी, की ती धरून ठेवायला मऊ, पाणीदार जेल पुरतं. जहाल गोंद लागतच नाही. शिकागोच्या दोन रुग्णालयांत बाळांना या पट्ट्या नेहमीच्या वायरींबरोबरच लावून दोन्हींचे आकडे ताडून पाहिले गेले.

बॅटरी नव्हती. गादीखालच्या अँटेनातून वीज मिळायची, त्यामुळे बाळ आईच्या छातीशी गेलं की अडचण. म्हणून 2020 मध्ये बॅटरी आणि ब्लूटूथवाली आवृत्ती आली.

खऱ्या अडचणी मात्र प्रयोगशाळेबाहेरच्या आहेत. पायाची पट्टी प्रकाशावर चालते, आणि प्रकाशाला त्वचेचा रंग आडवा येतो. 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या एका पाहणीत दिसलं, की बोटाला लावायच्या नेहमीच्या ऑक्सिमीटरने ठीक आकडा दाखवला असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोक्याइतका उतरलेला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या 11.7 टक्के मोजण्यांत घडलं, गोऱ्यांच्या 3.6 टक्के मोजण्यांत. ती मोठी माणसं होती, उपकरणंही वेगळी. पण तत्त्व तेच. मग सावळ्या, काळ्या बाळांवर या पट्ट्या निराळ्या तपासल्याशिवाय त्यांच्या आकड्यांवर विसंबायचं कसं? शिवाय बाळ पाय झाडतं, कावीळ झालेलं बाळ निळ्या दिव्याखाली असतं, आणि त्यामुळे आकडे चुकून खोटे गजर वाढले की नर्सचे कान बधिर होतात.

हे आपल्या दारातलं आहे. 2020 मध्ये भारतात सुमारे 30 लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, जगात सर्वाधिक. त्यातली पुष्कळ जिल्हा रुग्णालयांच्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात जातात, जिथे एकेका नर्सकडे बरीच बाळं असतात आणि वीज जाते-येते. या पट्ट्या इथे विकत घेण्याआधी त्या इथल्याच बाळांवर, इथल्याच उकाड्यात आणि घामात पारखून घ्याव्यात, आणि त्या चाचण्यांचे आकडे खुले ठेवावेत, एवढी मागणी आरोग्य विभागाकडे आतापासूनच करायला हवी.