कर्ज फेडायचं ते घर चालवूनच

पाच तारखेला पर्सनल लोनचा हप्ता, अठराला क्रेडिट कार्डाचं बिल आणि मधल्या दिवसांत किराणा, दूध, गॅस, मुलांची फी, सोसायटीचा मेंटेनन्स. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याचं खाणं आणि डॉक्टर वेगळे. अशा घराला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ‘आधी कर्ज निल करा, बाकीचं मग बघा’ हा त्यातला ठरलेला सल्ला. पण घरखर्च कर्ज फिटेपर्यंत थांबून राहत नाही. ज्या हिशेबात तो धरलेलाच नसतो, तो हिशेब दोन-तीन महिन्यांत कोलमडतो आणि कार्ड पुन्हा बाहेर निघतं. व्याजाचा दर ओळखला आणि येणाऱ्या खर्चाची सोय आधीच केली, तर बेताच्या पगारातही कर्ज उतरत जातं. त्याच्या आड येणारे काही गैरसमज इथे एकेक करून पाहू.

गैरसमज १ : ‘मिनिमम ड्यू भरला की कार्डावर व्याज लागत नाही.’

वस्तुस्थिती : मिनिमम भरल्याने लेट फी टळते आणि खातं थकीत दिसत नाही, एवढंच. व्याज चालूच राहतं. आपल्याकडे बहुतेक कार्डांचा दर महिन्याला ३ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्क्यांच्या घरात असतो. बिलावर मात्र महिन्याचा आकडा दिसतो आणि तो किरकोळ वाटतो.

एक बिल समोर घेऊ. थकबाकी ६०,००० रुपये, दर महिन्याला ३.५ टक्के आणि मिनिमम ५ टक्के, म्हणजे ३,००० रुपये. या महिन्याचं व्याज झालं २,१०० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७८. भरलेल्या ३,००० पैकी २,४७८ रुपये इथेच संपले आणि मुद्दल कमी झालं फक्त ५२२ रुपयांनी. याच चालीने भरत राहिलं तर कर्ज वर्षानुवर्षं हलत नाही.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक असते. मागचं बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. मग त्या कार्डावर आणलेला किराणा काय किंवा कुत्र्याच्या खाण्याची पिशवी काय, खरेदीच्या दिवसापासून त्यावर व्याज चढतं. म्हणून थकबाकी असेपर्यंत रोजचा खर्च त्या कार्डावर करू नका. यूपीआयने पैसे देत असाल तर मागे बचत खातं जोडलंय की रूपे क्रेडिट कार्ड, हेही एकदा तपासा.

गैरसमज २ : ‘ज्याचा तगादा जास्त, त्याचे पैसे आधी द्यावेत.’

वस्तुस्थिती : क्रम व्याजाच्या दराने लावावा. सगळ्या कर्जांचे ठरलेले हप्ते आणि कार्डाचा मिनिमम वेळेवर भरायचा आणि वर जे उरेल ते सगळं सर्वांत महाग कर्जावर टाकायचं. बहुतेक घरांत ते कर्ज क्रेडिट कार्ड किंवा अॅपवरून घेतलेलं छोटं कर्ज असतं. काही जण आधी सर्वांत लहान कर्ज संपवतात. त्यात व्याज थोडं जास्त जातं, पण एक खातं बंद झाल्याने हुरूप येतो. तो हुरूप टिकणार असेल तर हा मार्गही चुकीचा नाही.

दर तपासताना तो फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, हे विचाराच. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज ३६,००० आणि हप्ता सुमारे ३,७७८ रुपये पडतो. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र पूर्ण लाखावर धरलेलं असतं. घटत्या शिलकीने मोजलं तर हाच दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. १२ टक्के फ्लॅटपेक्षा १५ टक्के घटता दर कितीतरी स्वस्त.

गैरसमज ३ : ‘एफडी मोडू नये. ती अडीअडचणीची पुंजी असते.’

वस्तुस्थिती : कार्डाची थकबाकी हीच मोठी अडचण आहे. ६०,००० रुपयांची एफडी ६.५ टक्क्यांनी वर्षाला ३,९०० रुपये देते. तेवढ्याच थकबाकीवर ३.५ टक्के दराने कार्ड वर्षाला २५,००० रुपयांच्या वर घेतं. मुदतीआधी मोडण्याचा दंड धरूनही एफडीतून कार्ड फेडणं फायद्याचं.

पण याचं दुसरं टोकही धोक्याचं. काही जण जिद्दीने खातं रिकामं करून सगळं कर्जात भरतात. आठवड्याने फ्रिज बिघडतो, मुलाला ताप येतो किंवा मांजर दोन दिवस जेवत नाही आणि तेच कार्ड पुन्हा घासलं जातं. म्हणून एका महिन्याच्या घरखर्चाएवढी, तेही जमत नसेल तर निदान पंधरवड्याची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून मगच उरलेलं कर्जाकडे वळवा. तेवढे पैसे बचत खात्यात पडून राहिल्याने जे व्याज बुडतं ते थोडं असतं. त्या बदल्यात महिन्याचा हिशेब सुरळीत चालतो.

गैरसमज ४ : ‘प्राण्याचा खर्च कधी येईल सांगता येत नाही. त्याचं बजेट होत नाही.’

वस्तुस्थिती : त्यातला बराचसा खर्च अगदी सांगून येतो. रोजचं खाणं, ठरावीक अंतराने जंतनाशक, वर्षाला रेबीजची आणि इतर लशींची मात्रा, उन्हापावसात गोचिडांचं औषध, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना. हे सगळं तारखेनिशी कॅलेंडरवर लिहिता येतं. गणपती, दिवाळी, जूनमधली शाळेची खरेदी आणि विम्याचा हप्ता यांचंही तसंच. वर्षातून एकदा येणारे असे खर्च एका कागदावर मांडा, बेरजेला बाराने भागा आणि ती रक्कम पगाराच्या दिवशीच आवर्त ठेवीत किंवा वेगळ्या खात्यात टाका. प्राण्याचे वर्षाचे खर्च १२,००० रुपये होत असतील तर महिन्याला हजार रुपये हा त्याचा हप्ता समजा. लशीचा महिना आला की कार्ड काढावं लागत नाही.

खाण्याच्या खर्चातही उपाशी न ठेवता बचत होते. कोरड्या खाण्याच्या पाकिटामागे प्राण्याच्या वजनानुसार दिवसाला किती ग्रॅम द्यायचं ते छापलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तेवढं मोजा, ते कोणत्या वाटीत बसतं ते पाहा आणि तीच वाटी मापाला ठेवा. अंदाजाने घालणारा हात बहुधा जास्तच घालतो. पिशवी लवकर संपते आणि प्राण्याचं वजनही वाढतं. घरचं अन्न द्यायचं असेल तर कुत्र्याला भात, अंडी, चिकन चालतं. पण कायम त्यावरच ठेवायचं तर कॅल्शियम वगैरे कमी पडू नये म्हणून प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट कुत्र्या-मांजरांना घातक असतं. मांजर दूध-पोळीवर निरोगी राहू शकत नाही. तिला मांसातून मिळणारं टॉरिन लागतं आणि ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय यांवर परिणाम होतो.

गैरसमज ५ : ‘काटकसर करायची तर लस आणि डॉक्टर आधी बंद.’

वस्तुस्थिती : यात वाचतं थोडं आणि जातं फार. लस न दिलेल्या पिल्लाला पार्व्हो झाला तर सलाइनवर ठेवून कित्येक दिवस उपचार करावे लागतात आणि तरीही ते वाचेल याची खात्री नसते. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर तर प्राणी वाचत नाही आणि माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या लशीचे पैसे वाचवू नयेत. कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन खर्चिक वाटतं, पण ते न केल्यास पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि ते ऑपरेशन तातडीचं असल्याने बरंच महाग पडतं.

बचत उपचारांत करू नका, ठिकाणात करा. जिल्हा परिषदेचे आणि पशुसंवर्धन विभागाचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयांना जोडलेले दवाखाने आहेत आणि तिथे खर्च सहसा खासगीपेक्षा कमी येतो. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालयाच्या आवारातच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास अनेक ठिकाणी लसीकरणाची मोफत शिबिरं होतात. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र प्राण्याला देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष ठरतं.

कर्ज झालं म्हणून प्राण्याला लांब नेऊन सोडून देणं हा मार्ग नव्हे. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राण्याला सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. सांभाळणं खरोखरच अशक्य झालं असेल तर खात्रीचं दुसरं घर शोधून द्यावं. जे जनावर आपल्या भरवशावर वाढलं, त्याची तेवढी जबाबदारी आपली आहेच.

गैरसमज ६ : ‘नो कॉस्ट ईएमआय म्हणजे फुकटचे हप्ते.’

वस्तुस्थिती : बिनव्याजी असं कर्ज बँक सहसा देत नाही. बहुतेक वेळा व्याज लागतंच आणि तेवढी सूट वस्तूच्या किमतीत आधी दाखवली जाते. कार्डावरच्या हप्त्यांत प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी आपल्याकडूनच जातो. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट कधी कधी हुकते. रोखीचा भाव आणि सगळे हप्ते धरून होणारी एकूण रक्कम शेजारी शेजारी लिहा. आधीचं कर्ज चालू असताना नवा हप्ता मागे लावून घेण्याआधी एवढं कराच.

गैरसमज ७ : ‘सेटलमेंट केली की कर्ज मिटलं.’

वस्तुस्थिती : ठरलेल्या रकमेपेक्षा कमी घेऊन बँकेने प्रकरण संपवलं की क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ अशी नोंद होते. पूर्ण फेडीची नोंद ‘क्लोज्ड’ अशी असते. ‘सेटल्ड’ शेरा पाहिला की पुढे घरासाठी कर्ज देताना बँका हात आखडता घेतात. म्हणून आधी मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची लेखी विनंती करा आणि सेटलमेंट अगदीच नाइलाज झाला तरच स्वीकारा. पूर्ण फेडल्यावर ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घ्या. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक संपूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. आपला रिपोर्ट आपणच पाहिल्याने स्कोअर घसरत नाही.

गैरसमज ८ : ‘हप्ता चुकला की वसुलीवाले वाटेल ते करू शकतात.’

वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकबाकीसाठी वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमक्या, नातेवाइकांत बदनामी यांना बंदी आहे. कर्ज देणाऱ्या अॅपने फोनमधले संपर्क आणि फोटो उघडायचे नाहीत, असं डिजिटल कर्जविषयक नियमांत स्पष्ट आहे. आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

महाराष्ट्रात सावकारासाठी २०१४चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

पण एक सावधगिरी हवी. नुसता हप्ता थकला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही, मात्र पुरेसे पैसे नसल्याने चेक किंवा खात्यातून परस्पर जाणारा हप्ता परत गेला तर त्यावरून खटला होऊ शकतो. म्हणून हप्ता चुकणार असं दिसलं की तारखेच्या आधीच बँकेशी बोला.

गैरसमज ९ : ‘घरात सांगितलं तर सगळे खचतील.’

वस्तुस्थिती : लपवलेलं कर्ज वाढतच जातं, कारण खर्च घरातले सगळे करतात आणि काटकसर एकटाच करत असतो. बायकोला किंवा नवऱ्याला आकडा ठाऊक नसेल तर सहलीला नाही का म्हणायचं, हे त्यांना कळणार कसं? मुलांनाही समजेल अशा शब्दांत सांगता येतं. चार लोक काय म्हणतील या धाकाने नवं कर्ज काढणाऱ्यांना मी मनापासून सांगेन की त्या चार लोकांपैकी कोणी आपला हप्ता भरणार नाही.

या रविवारी सगळ्यांनी मिळून एक कागद करा. त्यावर चार रकाने आखा : कोणाचं कर्ज, बाकी किती, दर किती, तारीख कोणती. खाली महिन्याचा घरखर्च लिहा आणि वर्षाच्या खर्चाचा बारावा हिस्सा मांडा. त्यात कुत्र्याचं किंवा मांजराचं नाव घालून त्याची ओळही ठेवा. एवढं वजा जाऊन जे उरेल ते, मग ते ८०० रुपये का असेनात, सर्वांत महाग कर्जावर पगाराच्या दिवशीच भरा. एक कर्ज संपलं की त्याचा हप्ता खर्चात विरू न देता पुढच्या कर्जाला जोडा. पहिल्या काही महिन्यांत फरक जाणवणार नाही. पण मुद्दल घटतं तसं व्याजही घटतं आणि दर महिन्याला आपल्याच पैशांतला मोठा वाटा मुद्दलाकडे जाऊ लागतो.