वादळ टेक्सासला, भाव आपल्या पंपावर



गट बैठकीला गेलो की लागणीच्या तारखेआधी डिझेलचा विषय निघतो. एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हाला विचारले, "साहेब, वादळ येतं अमेरिकेत, मग माझ्या ट्रॅक्टरचं डिझेल का महागावं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या गव्हाणीपाशीच सापडते.

कच्चे तेल म्हणजे फडातला ऊस समजा. चहात कोणी ऊस घालत नाही, तसे कच्चे तेल टाकीत चालत नाही. ते शुद्ध करणारी रिफायनरी म्हणजे तेलाचा कारखाना. अमेरिकेतील अशा कारखान्यांची जवळजवळ निम्मी क्षमता मेक्सिकोच्या आखाताकाठी, मुख्यतः टेक्सास व लुइझियाना राज्यांत आहे. वादळेही तिथेच येतात.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी 'हार्वे' वादळ टेक्सासला धडकले. काही ठिकाणी ६० इंच पाऊस कोसळला. पोर्ट आर्थरची, रोज सुमारे ६ लाख पिंपे शुद्ध करणारी रिफायनरी बंद पडली. देशाची सुमारे पाव क्षमता थांबली. आणि गंमत बघा, कच्चे तेल उतरले अन् पेट्रोल चढले! कारखाना बंद पडला की फडातल्या उसाला गिऱ्हाईक नाही आणि बाजारात साखर कडाडते, त्यातलाच हा प्रकार.

वादळ सरले म्हणजे काम लगेच सुरू होते असेही नाही. थंड पडलेला बॉयलर तापवून गाळप पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, ते आपण जाणतोच. रिफायनरीला कधी आठवडे लागतात. २००५ साली 'कॅटरिना' वादळात वीज गेल्याने तेल वाहून नेणारी मोठी पाइपलाइनच थांबली होती. तेव्हा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सभासद देशांनी राखीव साठ्यातून ६ कोटी पिंपे बाजारात आणण्याचे ठरवले. २०२१ च्या 'आयडा' वादळात बुडालेली लुइझियानातील एक रिफायनरी तर पुन्हा सुरू झालीच नाही. तिथला उभा ऊसही त्या वादळाने लोळवला.

आता आपल्याकडचे. आपण बहुतेक कच्चे तेल बाहेरून आणतो आणि दर ठरताना जागतिक बाजारातील तयार मालाचा भाव पाहिला जातो. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला ८० रुपयांच्या घरात गेले, तेव्हा केंद्रीय पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनीही या वादळांकडे बोट दाखवले होते. अर्थात कारण तेवढे एकच नव्हते. करांचा वाटाही मोठा असतो.

मळी व रसापासूनचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळते, तेवढे बाहेरचे तेल कमी लागते. डिझेलला मात्र काटकसर हाच उपाय. पाचट जाळू नका, खोडव्यात कुजवा. मशागतीच्या फेऱ्या वाचतील. तोड येण्याआधी फडापर्यंतचा रस्ता नीट करा. चिखलात रुतलेली गाडी डिझेल नुसती ढोसते. आणि भाव वाढणार म्हणून घरात कॅन भरून ठेवू नका. चार पैसे वाचवायच्या नादात घराला आग नको.

वादळ थांबवणे आपल्या हाती नाही. आपल्या बांधावरची उधळपट्टी थांबवणे नक्कीच आहे.

— ऊस विकास अधिकारी