धागा नेवाशाचा, अंक मँचेस्टरचा

घोडेगावची ख्याती जनावरांच्या बाजाराची आणि कांद्याच्या लिलावाची. नगरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरून शिंगणापूरला वळणारी गर्दीही इथूनच वळते. तसेच पुढे गेले की तालुक्याचे ठाणे, प्रवराकाठचे नेवासे. ज्ञानेश्वरीमुळे ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. पण तिथल्या उत्खननात तांब्याच्या मण्यांची एक माळ निघाली आणि त्या मण्यांच्या भोकांत टिकून राहिलेला धागा रेशमाचा ठरला, हे पुरातत्त्वाच्या मंडळींबाहेर फारसे कोणी बोलत नाही.

माळ एका लहान मुलाच्या गळ्यातली. जोर्वे संस्कृतीच्या काळात, म्हणजे सुमारे तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी, इथले लोक मूल गेले की त्याला मातीच्या रांजणांत घालून घरातल्या जमिनीखालीच पुरत. कापड, सूत, दोरा असले काही आपल्या हवेत इतकी वर्षे टिकत नाही. तांबे मात्र गंजताना जे क्षार सोडते ते कुजवणाऱ्या जंतूंना मानवत नाहीत, म्हणून मण्याच्या आतला चिमूटभर धागा वाचतो. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया, शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी 1954 ते 1956 या काळात लाडमोड टेकडीवर खोदकाम केले, 1960 साली जाडजूड अहवाल छापला. धागा तपासायला गेला तो ए. एन. गुलाटी यांच्याकडे.

या गुलाटींचा नाद एकदा लागला की सुटत नाही. त्यांच्या नावाचा चौक नाही, गौरवग्रंथ नाही. माटुंग्याला 1924 साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने कापसाची तंत्रप्रयोगशाळा काढली. आज ती ‘सिरकॉट’ म्हणून ओळखली जाते. तिथे बसून गुलाटी आणि प्रयोगशाळेचे संचालक ए. जे. टर्नर यांनी मोहेंजोदडोच्या एका चांदीच्या भांड्याला चिकटलेली कापडाची चिंधी सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि ती कापसाचीच, तीही आपल्या देशी जाडसर कापसासारखी, असा निर्वाळा दिला. 1928 साली हे टिपण प्रयोगशाळेच्या बुलेटिनात आले आणि 1929 साली मँचेस्टरच्या टेक्स्टाइल इन्स्टिट्यूटच्या जर्नलमध्ये. जेमतेम नऊ पाने. भारतातल्या कापसाचा इतिहास लिहिणाऱ्याला ती ओलांडून पुढे जाता येत नाही.

त्यानंतर तीन दशकांनी नेवाशाचा धागा. त्यात रेशीम आहे आणि कापसाचाही अंश आहे, हे गुलाटींनी ‘अ नोट ऑन द अर्ली हिस्टरी ऑफ सिल्क इन इंडिया’ या टिपणात सांगितले. 1928च्या टिपणाच्या शीर्षकात ‘कॉटन’च्या जागी ‘सिल्क’ आले आहे आणि शेवटी ‘इन इंडिया’ जोडले आहे, एवढाच फरक. माणूस आपल्या कामाशी किती एकनिष्ठ! हे टिपण डेक्कन कॉलेजने 1961 साली ‘टेक्निकल रिपोर्ट्स ऑन आर्किऑलॉजिकल रिमेन्स’ या पुस्तिकेत छापले. 

आता समजा, घोडेगावातली एखादी मुलगी एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी आपल्याच तालुक्यातला हा धागा घेऊन बसली. तिला काय काय वाचायला हवे? 1929चा मँचेस्टरचा अंक, 1956चा ‘एन्शंट इंडिया’चा बारावा अंक (त्यात सांकलियांनी नेवाशाजवळची जीवाश्मे आणि दगडी हत्यारे मांडली आहेत), 1961ची पुस्तिका, 1995 सालच्या ‘साउथ एशियन स्टडीज’मधला जुन्या वस्त्रपुराव्यांचा जॅनवे आणि कनिंगहॅम यांनी घेतलेला आढावा, आणि 2009चा ‘आर्किओमेट्री’. या शेवटच्या अंकात आयरीन गुड, केनॉयर आणि मेडो यांनी हडप्पा व चन्हुदडोच्या दागिन्यांत आणखी जुने, रानटी पतंगांचे रेशीम दाखवले आणि उपखंडातले ‘सर्वांत जुने रेशीम’ हा नेवाशाच्या धाग्याचा मान गेला. पाच वाचने, त्यांतली चार नियतकालिकांतली. पाचांतले सर्वांत नवे लिखाणही दीड दशकाहून जुने.

इथे ग्रंथालयाची गोष्ट सुरू होते.

छापील जमान्यात वर्गणी भरली की अंक यायचे, वर्ष संपले की ग्रंथपाल ते बाइंडरकडे पाठवायचे आणि बांधीव खंड कपाटात कायमचा बसायचा. पुढे वर्गणी बंद झाली तरी आलेला खंड कोणी परत नेत नसे. नसलेला लेख हवा असेल तर दिल्लीच्या ‘इन्सडॉक’ला लिहायचे. 1952 साली युनेस्कोच्या मदतीने निघालेली ही संस्था कोणते शास्त्रीय नियतकालिक देशातल्या कोणत्या ग्रंथालयात आहे याची सूची करी आणि लेखाची प्रत काढून टपालाने धाडी. वेळ लागे, पण वाट ठरलेली होती.

अंक पडद्यावर आले तेव्हा पहिला विचार झाला तोही जुन्या अंकांचाच. अमेरिकेत मेलन फाउंडेशनच्या विल्यम बोवेन यांच्यापुढे अडचण मांडली गेली ती कपाटांची: खंड ठेवायला जागा नाही, नव्या इमारतीला पैसे नाहीत. त्यातून 1995 साली ‘जेस्टोर’ उभे राहिले. जुने अंक पहिल्या खंडापासून घ्यायचे, अलीकडची तीन-पाच वर्षे प्रकाशकासाठी सोडायची, आणि दर वर्षी ही हद्द एकेक वर्षाने पुढे सरकवायची. डेक्कन कॉलेजचे बुलेटिन आणि आपला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ दोन्ही तिथे आहेत.

बड्या प्रकाशकांनी नेमके उलटे केले. एल्सव्हिअरच्या नेहमीच्या वर्गणीत साधारण 1995पासूनचे अंक, टेलर अँड फ्रान्सिसच्या वर्गणीत 1997पासूनचे. त्याआधीचे सारे ‘बॅकफाइल’ किंवा ‘अर्काइव्ह’ या नावाने वेगळे विकायला ठेवले. घर भाड्याने द्यायचे आणि माळ्याची किल्ली वेगळ्या पैशांत विकायची, तसा हा प्रकार. मँचेस्टरचे ते जर्नल आज टेलर अँड फ्रान्सिसकडे आहे. म्हणजे त्याची वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयाला सुताच्या आजच्या चाचण्या वाचता येतात. गुलाटी-टर्नर हवे असतील तर निराळा सौदा. भारतीय कापसावर मुंबईत, भारतीय पैशाने झालेले काम! अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे 1929 सालचे छापील साहित्य 1 जानेवारी 2025 रोजी सार्वजनिक मालकीचे झाले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे मोजावी लागतात, आणि गुलाटींसारख्या माणसाच्या मृत्यूची तारीख शोधणे हेच एक संशोधन.

सरकारने हातपाय हलवले नाहीत असे नाही. विद्यापीठांसाठी डिसेंबर 2003मध्ये यूजीसी-इन्फोनेटचा संघ सुरू झाला, महाविद्यालयांसाठी 2010मध्ये ‘एन-लिस्ट’ आले. दोन्हींचा कारभार गुजरातेतल्या इन्फ्लिबनेटकडे. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केले: 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300 संस्था. टेलर अँड फ्रान्सिस आणि वायली दोघेही यादीत आहेत. आकडे भव्य आहेत, आणि ते जाहीर होताना ‘किती नियतकालिके’ हे ठळक छापले गेले. कोणते नियतकालिक कोणत्या सालापासून, हा रकाना त्या बातम्यांत नव्हता. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे त्यावाचून भागेल. इतिहास, पुरातत्त्व, वनस्पतींचे वर्गीकरण, शेतीचा इतिहास यांत काम करणाऱ्याचा सारा मामला त्या एका रकान्यात असतो.

दुसरी मेख नगर जिल्ह्यात ठळक दिसते. योजनेचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. सोनई, भेंडे, नेवासे इथली महाविद्यालये सहकार आणि शिक्षणसंस्थांच्या चळवळीतून उभी राहिली. अनुदान सरकारचे, व्यवस्थापन संस्थेचे. ग्रामीण महाराष्ट्राची उच्चशिक्षणाची घडीच अशी आहे. दिल्लीत योजना आखणाऱ्यांच्या ती ध्यानात यायला हवी होती.

जुने अंक कशाला हवेत, नवे संशोधन जुन्याला पोटात घेतेच की, असे म्हणणारेही भेटतात. त्यांनी नेवाशाच्या 1960च्या अहवालाचे मुखपृष्ठ पाहावे. सांकलिया, देव, अन्सारी यांच्यानंतर चौथे नाव आहे एस. एर्हार्ट. ह्या ट्युबिंगेनच्या मानवशास्त्रज्ञ सोफी एर्हार्ट. नाझी राजवटीत त्या रॉबर्ट रिटरच्या ‘वंशशुद्धी’ संस्थेत सिंती आणि रोमा लोकांची मोजमापे घेत होत्या. त्या नोंदींच्या आधारे माणसे छळछावण्यांत गेली. युद्धानंतर चौकशी झाली, शिक्षा झाली नाही. प्रवराकाठच्या सांगाड्यांचा अभ्यास करणारे डोळे आणि हात तेच होते. नंतरच्या पाठ्यपुस्तकात ‘नेवाशाच्या सांगाड्यांचा अभ्यास झाला आहे’ एवढे एक वाक्य उरते. तो कोणी केला, कोणत्या पट्टीने केला, मोजमापांची वर्गवारी कशी लावली, हे बघायला मूळ पानच उघडावे लागते, आणि एर्हार्ट यांचे त्याआधीचे जर्मन लेख बघायला जुने जर्मन अंक.

घोडेगावच्या त्या मुलीच्या यादीतल्या ‘एन्शंट इंडिया’पुरती अडचण नाही. मॉर्टिमर व्हीलरने 1946 साली सुरू केलेल्या या पुरातत्त्व खात्याच्या बुलेटिनचे अंक स्कॅन होऊन आंतरजालावर फुकट वाचता येतात. सरकारी पैशाने छापलेले सरकारने खुले केले की प्रश्न मिटतो, इतके हे सोपे आहे. 2009चा ‘आर्किओमेट्री’ वायलीच्या नेहमीच्या वर्गणीच्या हद्दीत येतो, 1995चा आढावा टेलर अँड फ्रान्सिसच्या हद्दीच्या दोन वर्षे मागे अडकतो. गुलाटींचे रेशमावरचे टिपण तर नियतकालिकच नव्हे, त्यामुळे 13,000च्या यादीशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयाला पत्र लिहायचे, किंवा एसटीने पुणे गाठून येरवड्याच्या त्या वाचनकक्षात बसायचे. खासगी अभ्यासासाठी त्या पानांची झेरॉक्स घ्यायला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52ची आडकाठी नाही.