पहिला पीसी जोडताना: पार्ट 'बसला' म्हणजे 'जुळला' असं नाही

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून ऐकताना आकडे निसटून जातात, म्हणून या वेळी मॉडेल नंबरांसकट सगळं लिहून देतोय. खरेदीला जाताना फोनवर उघडून ठेवा.

विषय सोपा वाटतो: घरी पहिला डेस्कटॉप जोडायचा, तर कुठला पार्ट कुठल्या पार्टला चालतो? पण आपल्याकडे हा प्रश्न पैशाचा आहे. भोसरी-चाकणला नवीन लागलेला ट्रेनी महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून पन्नास-साठ हजार जमवतो. त्याला दिवसा शॉप फ्लोअर, रात्री सॉलिडवर्क्स शिकायचंय, आणि सुट्टीला थोडं गेमिंग. सील फोडलेला मदरबोर्ड दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणजे चुकीचा बोर्ड आला, तर अख्ख्या महिन्याची बचत कपाटात पडून राहते.

आधी गेजची गोष्ट

तुमच्यापैकी जे क्वालिटीत आहेत, त्यांना 'गो' आणि 'नो-गो' गेज माहितीच असेल. भोकात 'गो' बाजू गेली पाहिजे, 'नो-गो' अडली पाहिजे. दोन्ही झालं तरच पार्ट पास. नुसतं 'आत गेलं' यावर कुणी सही करत नाही.

पीसीचंही तसंच. एखादा पार्ट बसतो, म्हणून तो चालेलच असं नाही. मी प्रत्येक पार्टला चार प्रश्न विचारतो: बसतो का? बोर्ड त्याला ओळखतो का? जागा पुरते का? वीज पुरते का? चारही उत्तरं 'हो' आली तरच यादीत घ्यायचा.

प्रश्न पहिला: बसतो का?

सुरुवात कामापासून करा, मग प्रोसेसर ठरवा. प्रोसेसर ठरला की सॉकेट ठरतं, आणि सॉकेट ठरलं की मदरबोर्डची निम्मी निवड झाली.

एएमडीचं एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. त्याआधीच्या एएम४ वर फक्त डीडीआर४. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी घेतं. पण इथे एक मेख आहे. या सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे, तर काही डीडीआर५ चे आहेत. नावं जवळपास सारखीच, शेवटी फक्त 'डी४' लिहिलेलं. म्हणून बिलावर पूर्ण मॉडेल नंबर बघा, अर्धा नको.

डीडीआर४ आणि डीडीआर५, दोघींनाही २८८ पिना आहेत. पण खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं. त्यामुळे बसत नसेल तर जोर लावायचा नाही. ती खाच म्हणजे कंपनीनेच दिलेला नो-गो गेज आहे.

प्रश्न दुसरा: बोर्ड ओळखतो का?

इथे जास्त लोक फसतात, कारण पार्ट व्यवस्थित बसलेला असतो. उदाहरण घ्या. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचं सॉकेट एलजीए ११५१. २०१७ साली आठवी पिढी आली, तिलाही ११५१ च पिना. प्रोसेसर जुन्या बोर्डात अलगद बसतो, पण मशीन चालू होत नाही. त्याला ३०० मालिकेचा बोर्डच लागतो. जुना बोर्ड स्वस्तात मिळाला म्हणून उडी मारू नका, ती याचसाठी.

दुसरं, बायोस. बी६५० चा बोर्ड एएम५ चाच आहे. पण रायझन ९००० मालिका आली २०२४ मध्ये. दुकानात त्याआधीचा बोर्ड पडून असेल, तर त्यातला जुना बायोस या प्रोसेसरला ओळखणार नाही. दोन उपाय आहेत. दुकानातूनच बायोस अपडेट करून घ्या. किंवा बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या, म्हणजे प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून अपडेट होतो.

हे शोधायचं कुठे? बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर 'सीपीयू सपोर्ट'ची यादी असते. त्यात तुमचा प्रोसेसर आणि समोर किमान बायोसचा नंबर दिलेला असतो. तुमच्या पार्टचं ड्रॉइंग म्हणजे हे पान. दुकानदार चांगला असला तरी आधी ड्रॉइंग, मग माणूस.

एसएसडीलाही हेच लागू. एम.२ आकाराची एसएसडी दिसायला एकच पट्टी, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेक वेळा ८० मिलिमीटर लांब. पण ती साटा असते किंवा एनव्हीएमई. साटावाली पट्टी फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये बसेल, पण दिसणार नाही.

आणि डिस्प्लेचं बघा. इंटेलच्या मॉडेलपुढे 'एफ' असेल, तर आत ग्राफिक्स नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. 'कार्ड पुढच्या बोनसला घेऊ' असा बेत असेल, तर हे एक अक्षर फार महाग पडतं. मशीन चालू, पंखे फिरतायत, आणि स्क्रीन काळी.

प्रश्न तिसरा: जागा पुरते का?

हे टेप घेऊन करायचं काम. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४. मायक्रो कॅबिनेटमध्ये पूर्ण एटीएक्स बोर्ड जाणार नाही. पण बोर्डापेक्षा जास्त घोळ कूलर आणि कार्ड घालतात. कॅबिनेटच्या माहितीत दोन आकडे असतात: कूलरची कमाल उंची आणि ग्राफिक कार्डची कमाल लांबी. कूलर १५५ मिलिमीटर उंच आणि कॅबिनेट १५० घेत असेल, तर बाजूचं झाकण लागणारच नाही. पुढे पंखा लावणार असाल, तर कार्डासाठीच्या लांबीतून त्याची जाडी वजा करा.

प्रश्न चौथा: वीज पुरते का?

हिशोब करून बघू. समजा, रायझन ५ ७६००. डब्यावर ६५ वॅट, पण पूर्ण जोर लावला की ८८ पर्यंत जातो. आरटीएक्स ४०६० कार्डचे ११५. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून साधारण ६५ धरा. एकूण झाले २६८ वॅट. ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला. ७५० चा घेऊन पैसे अडकवू नका, आणि नाव नसलेला स्वस्तातला तर नकोच.

आता यूपीएस. एसएमपीएस ८५ टक्के कार्यक्षम धरला, तर २६८ वॅटसाठी भिंतीतून सुमारे ३१५ वॅट ओढतो. मॉनिटरचे ३० मिळवा, ३४५ झाले. ६०० व्हीएच्या बऱ्याच यूपीएसवर ३६० वॅट लिहिलेलं असतं. म्हणजे गेम चालू असताना लाइट गेली, तर यूपीएस अगदी काठावर. तुमच्या भागात लाइट वारंवार जात असेल, तर १००० व्हीएचा विचार करा.

एक काम मात्र खरेदीच्या आधीच करा: अर्थिंग. भाड्याच्या खोल्यांमध्ये तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या भोकामागे कधी कधी वायरच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून जमिनीत जायचा करंट वाट नसल्यामुळे पत्र्यावर बसतो. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरने मोजायला सांगा. फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रल इतकंच यायला हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. नसेल, तर घरमालकाशी बोला. खोली बदलता येईल, जीव बदलता येत नाही.

अजून एक इशारा वायरींबद्दल. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या मॉडेलला लावू नका. प्लग बसतो, पण त्याच पिनेवर वेगळं व्होल्टेज येऊ शकतं. एका झटक्यात एसएसडी जाते.

सेकंडहँडचं काय?

ऑफिसमधून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्त मिळतात, आणि अभ्यासाला चांगलेही असतात. पण त्यांतल्या अनेकांचा एसएमपीएस आणि बोर्डाचा कनेक्टर त्या कंपनीच्याच मापाचा असतो. पुढे मोठं कार्ड लावायचं म्हटलं, की बाजारातला एसएमपीएस लागत नाही. घेण्याआधी झाकण उघडून २४ पिनांचा नेहमीचा कनेक्टर आहे का ते बघा.

मोठ्या मशीनचंही हेच

पुण्यातच १९९१ मध्ये सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्यासाठी खास नवी चिप घडवली नव्हती. इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर वापरले. प्रत्येक चिपला शेजारच्या चिपांशी बोलायला चार दुवे होते. त्या दुव्यांनी अनेक चिपा जोडून एक ताकदवान मशीन तयार झालं. सगळी करामत जुळणीत होती. आपल्या टेबलावरच्या डब्यालाही हाच नियम.

आता तुमचं काम

वहीचं एक पान घ्या. डावीकडे पार्ट: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, कार्ड, कूलर, कॅबिनेट, एसएमपीएस, यूपीएस. वरच्या बाजूला चार प्रश्न. प्रत्येक चौकटीत 'हो' नको, आकडा किंवा नाव लिहा: 'एएम५', '१६० मिमी', '११५ वॅट'. आकडा लिहिता आला नाही, तर तो पार्ट अजून तपासलेला नाही. पान भरलं, की मेट्रोने मंडईला उतरून तपकीर गल्लीत जा किंवा ऑनलाइन मागवा. कुठेही घ्या, पण पान खिशात ठेवा. 'हा नाही, त्याच्यासारखाच दुसरा देतो,' असं कुणी म्हणालं, तर तिथेच उभं राहून चारही चौकटी पुन्हा भरा.

पुढच्या भागात प्रत्यक्ष जोडणी: पेस्ट किती लावायची आणि रॅम कुठल्या दोन स्लॉटमध्ये. तोवर पान भरून ठेवा. भेटूच!