वाटाण्याएवढं मलम, वर्षभराचं काम

यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीत येणारी मराठी मुलं-मुली जुन्या राजेंद्रनगरात, मुखर्जीनगरात भाड्याच्या खोल्यांत राहतात. चेहऱ्यावर मुरूम उठले की त्यांचे पाय आधी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे वळतात. "भैया, पिंपल के लिए कोई क्रीम दे दो." काउंटरवर एक ट्यूब येते. ती कोणती, यावर पुढची कित्येक वर्षं अवलंबून असतात.

एका ट्यूबमध्ये नुसतं ट्रेटिनॉइन असतं. दुसरीत ट्रेटिनॉइनच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. दुसरी थोड्याच दिवसांत चेहरा उजळवते, त्यामुळे तिचं नाव एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोचतं. पहिली सुरुवातीला चेहरा लाल करते, पापुद्रे काढते, त्यामुळे पुष्कळ जण ती महिन्याच्या आत फेकून देतात. चांगलं औषध सुटतं आणि घातक औषध अंगवळणी पडतं, याची मला फार खंत वाटते. ट्रेटिनॉइन कातडीत शिरून नेमकं काय करतं हे ठाऊक असेल, तर पहिले दोन-तीन महिने निभावून नेणं सोपं जातं.

ट्रेटिनॉइन म्हणजे रेटिनॉइक आम्ल. 'अ' जीवनसत्त्वापासून आपलं शरीरही ते बनवतं. चेहऱ्याला लावल्यावर ते पेशीत शिरतं आणि तिच्या केंद्रकापर्यंत जातं. तिथे त्याला धरून ठेवणारी खास प्रथिनं असतात. 1987 साली फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांनी ती स्वतंत्रपणे शोधली. ही प्रथिनं डीएनएवर बसतात आणि कोणती जनुकं जास्त चालावीत, कोणती कमी, हे ठरवतात. म्हणजे हे मलम वरून चोपडलं तरी त्याचं काम पेशीच्या आत चालतं आणि त्याचा परिणाम नव्या पेशी वर येतील तसतसा दिसतो.

आता मुरूम. केस जिथून उगवतो त्या छिद्राच्या अस्तरातल्या मेलेल्या पेशी एरवी सुट्या होऊन बाहेर पडतात. मुरूम येणाऱ्या त्वचेत त्या एकमेकींना चिकटून राहतात, त्यांच्यामागे तेल साचतं आणि छिद्राला बूच बसतं. हे बूच आधी डोळ्यांना दिसतही नाही. मग त्याचं काळं किंवा पांढरं टोक दिसू लागतं, आणि आत जंतू वाढून सूज आली की लाल, दुखरा मुरूम. आज आरशात दिसणाऱ्या मुरमाची सुरुवात काही आठवड्यांपूर्वीच झालेली असते. ट्रेटिनॉइन या पेशींचा चिकटपणा कमी करतं आणि नवी बुचं बसू देत नाही. म्हणूनच ते मुरमावर टिंबाटिंबानं लावून उपयोग नाही. जिथे मुरूम येतात तो सगळा भाग, मुरूम नसलेली जागासुद्धा, त्याखाली यावी लागते. आत दडलेली बुचं लवकर वर आल्यानं पहिल्या काही आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे वाटू शकतात. खरा फरक साधारण बारा आठवड्यांनी कळतो.

सुरकुत्यांवरचा उपयोग नंतर ध्यानात आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1969 साली मुरमांवरचं काम प्रसिद्ध केलं, 1971 मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली, आणि 1986 मध्ये उन्हानं म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवरचा त्यांचा लेख आला. वयानं मोठ्या रुग्ण स्त्रिया त्वचा मऊ झाल्याचं सांगू लागल्या होत्या, तिथून हा धागा सुरू झाला. याच क्लिगमननी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. ज्यांच्या कातडीवर हे ज्ञान उभं राहिलं त्यांना नीट कल्पना देऊन संमती घेतलेली नव्हती, हे या औषधाच्या इतिहासातून गाळता येत नाही.

उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत कोलॅजन तोडणारी विकरं जागी होतात. ट्रेटिनॉइन त्यांना आवर घालतं आणि नवं कोलॅजन बनायलाही मदत करतं. मिशिगन विद्यापीठाच्या गटानं 1993 साली दाखवलं की दहा ते बारा महिने ट्रेटिनॉइन वापरल्यावर उन्हानं खराब झालेल्या त्वचेत एका प्रकारच्या कोलॅजनची निर्मिती 80 टक्क्यांनी वाढली. साधं मलम लावणाऱ्यांत ती 14 टक्क्यांनी घटली होती. खरखर, डाग आणि बारीक रेषा काही महिन्यांत सुधारतात. खोल काम मात्र वर्षाच्या मापानंच मोजायचं. कपाळावरच्या खोल आठ्या आणि लोंबलेली त्वचा यांना या मलमानं फारसा फरक पडत नाही, तेव्हा ती आशा आधीच बाजूला ठेवलेली बरी.

जास्त तीव्र मलम म्हणजे जास्त गुण, असा समज सर्रास आढळतो. 1995 साली 0.1 आणि 0.025 टक्के ट्रेटिनॉइनची तुलना झाली तेव्हा उन्हानं खराब झालेल्या त्वचेत सुधारणा जवळपास सारखीच दिसली, जळजळ मात्र 0.1 टक्क्यानं कितीतरी अधिक झाली. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेला हे फार लागू आहे, कारण आपल्याकडे जळजळीचा माग काळ्या डागांच्या रूपानं महिनोन्‌महिने राहतो. घाईनं लावलेलं औषधच नवे डाग पाडतं. त्यामुळे 0.025 टक्क्यानं सुरुवात, तीही दोन रात्री सोडून तिसऱ्या रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा आणि सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं मलम. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडायचे. वर साधं मॉइश्चरायझर. त्वचा फारच नाजूक असेल तर मॉइश्चरायझर आधीही लावलं तरी चालतं. प्रकाशात ट्रेटिनॉइन निकामी होतं, म्हणून ते रात्रीचं औषध.

दिल्लीच्या ऋतूंचं भान ठेवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी, त्यात खोलीत हीटर किंवा ब्लोअर. जुलैत सहज सोसलेली तीच मात्रा तेव्हा गाल फाडते. अशा वेळी औषध बंद न करता रात्री कमी कराव्यात. मे-जूनच्या लूमध्ये सनस्क्रीनशिवाय हे मलम वापरणं म्हणजे रात्री कमावलेलं दिवसा घालवणं. नोव्हेंबरपासून लग्नसराई सुरू झाली की पार्लरच्या फेऱ्या वाढतात. ट्रेटिनॉइन चालू असताना चेहऱ्याचं वॅक्सिंग करू नये, मेणाबरोबर कातडी निघते. ब्लीच आणि घासून करायचे फेशियलही टाळावेत, आणि पार्लरमध्ये औषधाबद्दल आधी सांगावं.

आता त्या दुसऱ्या ट्यूबकडे येऊ. क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 साली ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि डेक्सामेथासोन यांचं मिश्रण डाग उजळण्यासाठी मांडलं. त्याच्या बदललेल्या आवृत्त्या आपल्याकडे वांगावर दिल्या जातात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे, एवढीच त्यांची जागा. लोक त्या रोजच्या क्रीमसारख्या वर्षानुवर्षं लावतात. स्टेरॉइडनं त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस वाढतात, मुरूम उसळतात आणि मलम बंद केलं की चेहऱ्याची आग आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांच्यातला सर्वांत मोठा दुष्परिणाम मुरूम हाच होता. 2018 मध्ये अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारनं मनाई केली. तरीही खोक्यावरचं बारीक अक्षर स्वतः वाचावं. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते मुरमांचं औषध नव्हे. असं मलम महिनोन्‌महिने लावून झालं असेल तर ते एकाएकी बंद न करता एम्स, सफदरजंग किंवा राममनोहर लोहिया रुग्णालयाच्या त्वचा ओपीडीत दाखवावं.

नुसतं ट्रेटिनॉइन लावून त्वचा पातळ होते, ही भीती बहुधा या मिश्रणांच्या अनुभवातून आली असावी. प्रत्यक्षात वरचा मृत थर घट्ट होतो आणि त्याखालचा जिवंत थर जाड होतो. 0.05 टक्के ट्रेटिनॉइन दोन वर्षं लावण्याचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पेशींमध्ये काही विकृती आढळली नाही. मुरूम आटोक्यात आल्यावर अनेकांना आठवड्यातून दोन-तीन रात्री पुरतात. पूर्ण थांबवलं की बुचं पुन्हा बसू लागतात आणि उन्हाचं कामही पूर्ववत सुरू होतं. एकच प्रसंग असा की थांबवायलाच हवं: गर्भधारणेचा विचार सुरू झाला की. रेटिनॉइडच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंगं येतात. मलम रक्तात फारच थोडं उतरतं, तरी या काळात तेही वापरत नाहीत. मुरमांसाठी तेव्हा अझेलेइक आम्लाचं मलम देता येतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.