साडेसात फेऱ्यांचा निकाल

रमजानमध्ये आमच्या गोडदेवची पहाट थोडी लवकर होते. सहेरीसाठी आमच्या घरात दिवा लागतो, तेव्हा समोरच्या इमारतीत आणखी एका खिडकीत उजेड असतो. त्या घरात कुणाचा रोजा नसतो. तिथला नववीतला मुलगा पळायला निघालेला असतो. नाक्यावरून नवघर रोडच्या दिशेने जाणारी त्याची पावलं मला चहाचा शेवटचा घोट घेताना ऐकू येतात. त्याची आई हसून म्हणते, "या महिन्यात गजर लावावाच लागत नाही. तुमच्या घरची भांडी वाजली की हा उठतो."

गेल्या रविवारी त्याची यंदाची पहिली शर्यत होती, 3000 मीटरची. शालेय स्पर्धा पुढे पावसाळ्यात सुरू होतात. ही त्याआधीची चाचणी. त्याचे वडील रिक्षा चालवतात. सकाळची भाडी सोडून ते मैदानावर आले होते. माझ्या हातात त्यांनी वही आणि घड्याळ दिलं. "सर, तुम्ही पेपर तपासता ना? मग प्रत्येक फेरीची वेळ तेवढी लिहा."

मैदान मातीचं, चुन्याने आखलेलं. 400 मीटरची एक फेरी, म्हणजे 3000 मीटरला साडेसात. आधी अर्धी फेरी, मग सात पूर्ण. पिस्तूल वाजलं आणि चार-पाच मुलं सुसाट सुटली. आमचा मुलगा मागच्या घोळक्यात. तिसऱ्या फेरीलाही तो सातवा-आठवाच होता. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे. शेवटी तो चौथा आला. वेळ 9 मिनिटं 51 सेकंद. गेल्या वर्षी त्याने हेच अंतर 9 मिनिटं 43 सेकंदांत कापून दुसरा क्रमांक मिळवला होता.

"वर्षभर पळून आठ सेकंद मागे गेला," वडील म्हणाले. "जूनमध्ये दहावी सुरू होईल. आता हे बंद केलेलं बरं." मुलगा बूट सोडत होता. त्याने ऐकलं, पण मान वर केली नाही. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तसंच वाटलं होतं.

दुपारी घरी वही उघडली. शेजारी गेल्या वर्षीच्या शर्यतीचं पान होतं. तेव्हा त्याची पहिली पूर्ण फेरी 71 सेकंदांची होती आणि पाचवी 84 सेकंदांची. सुरुवातीला उधळला, मग दमून रडतखडत पोहोचला. यंदाच्या फेऱ्या अशा: 80, 80, 79, 80, 79, 78 आणि शेवटची 76. घड्याळ लावल्यासारखा पळाला होता आणि शेवटची फेरी त्याची सर्वांत वेगवान होती. अर्ध्या शर्यतीनंतर त्याने निम्म्याहून अधिक मुलांना मागे टाकलं होतं. मला एकूण गुण दिसले होते, उत्तरपत्रिका मी वाचलीच नव्हती.

त्याच्या प्रशिक्षकांना फोन केला. ते म्हणाले, "सध्या मी त्याला लांब अंतर, संथ गतीने पळवतोय. पायांत थकवा साठलेलाच असतो. वेगाचा सराव आम्ही अजून सुरूही केलेला नाही. मी त्याला एवढंच सांगितलं होतं, पहिल्या फेरीत कुणाच्या मागे धावू नकोस."

मोठ्यांच्या बाबतीतही आपण हीच घाई करतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेत जाण्यासाठी रोज सहा किलोमीटर चालत-पळत जायचा. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळला तो थेट 2017 मध्ये. टोकियो ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत त्याने 8 मिनिटं 18.12 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी तो सातवा आला आणि अंतिम फेरी हुकली. दुसऱ्या गटात त्याच्यापेक्षा हळू पळालेले मात्र पहिल्या तिघांत येऊन पुढे गेले. जुलै 2022 मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत सगळेच संथ पळाले. अविनाश 8 मिनिटं 31.75 सेकंदांत अकरावा आला. त्या दिवशी त्याला मोडीत काढणारे चुकले असते. तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतलं. सुवर्ण हुकलं ते केवळ 0.05 सेकंदाने. 1994 नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या कुणालाही पदक मिळालेलं नव्हतं.

आमचा मुलगा अविनाश साबळे होईल, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं ही त्याच्या खांद्यावर ठेवलेली दुसरी गोणी ठरेल. एका शर्यतीवरून मुलाला आभाळात चढवणं आणि एका शर्यतीवरून त्याचे बूट माळ्यावर टाकणं, दोन्हींत घाई सारखीच. आम्ही रमजानला सब्रचा महिना म्हणतो. दिवसभर उपाशी राहण्याचा सब्र मला जमतो. दुसऱ्याच्या मुलाबद्दल मत बनवताना तो साडेसात फेऱ्याही टिकला नाही.

संध्याकाळी इफ्तारला त्याच्या वडिलांना बोलावलं. खजूर झाली, भजी झाली, मग दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली. ते बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. 84 वर थांबले, मग 76 वर.

"म्हणजे हा शेवटी दमलाच नाही?"

"नाही."

त्यांनी चहा संपवला. "दहावीचा अभ्यास बुडता कामा नये," म्हणाले. "पण पावसाळ्यापर्यंत पळू दे."

दुसऱ्या दिवशी सहेरीला मी भांडी जरा जास्तच वाजवली. समोरच्या खिडकीत दिवा आधीच लागलेला होता.